पोहण्याची पहिली पायरी कोणाची?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शहरांतल्या जलतरण तलावांवर शिबिरांचे फलक लागतात आणि मुलांची वर्गवारी सुरू होते. पाण्याला बिचकणारी मुले उथळ बाजूला, फ्लोट धरून पाय मारणारी त्यांच्या पुढे, एक आडवी पार करणारी त्याहून पुढे आणि फ्रीस्टाइलचा श्वास जमलेली खोल बाजूला. मुलाची तयारी पाहून त्याला पुढच्या बॅचमध्ये घेण्याची ही रीत बाहेरून आली, आणि त्याआधी आपल्याकडे पोरांना नुसते विहिरीत ढकलून देत असत, असा समज आता बराच रुजला आहे. इतिहास तसे सांगत नाही. मुलांना टप्प्याटप्प्याने पोहायला शिकवण्याची महाराष्ट्रातली रीत तलावांच्या आधीची आहे आणि तिच्यामागचा विचार पक्का आहे. आपली उणीव दुसरीकडे होती. त्या टप्प्यांतल्या पहिल्या पायरीवर कोणत्या मुलाने उभे राहायचे, हे पूर्वी जात, जमीन आणि मुलगा की मुलगी यावर ठरत होते. आज ते बहुतेक ठिकाणी फीवर ठरते. पोहणे शिकवण्याच्या आपल्या इतिहासात पद्धत फारशी बदललेली नाही. पाण्यापाशी कोणाला जाऊ दिले, हे मात्र पुन्हा पुन्हा बदलत गेले आहे. म्हणून तो इतिहास या अंगाने वाचायला हवा.

आधी पद्धत पाहू. दख्खनच्या नद्या उतरण्यासाठी सुकलेल्या भोपळ्यांची सांगड वापरणे ही जुनी रीत होती. तोच दुध्या भोपळा, वेलीवर जून होऊ दिलेला आणि आतून वाळलेला, शिकाऊ पोराच्या पाठीला दोरीने बांधला जाई. जिथे पांगारा होता तिथे त्याच्या वाळल्या, हलक्या लाकडाचा बिंडा बांधत. पुढे पत्र्याचे डबे आले. 1937 साली डालडा बाजारात आला आणि वनस्पती तुपाचे रिकामे डबे घरोघरी साठू लागले. तोंड झाळून हवाबंद केलेला डबा भोपळ्याच्या जागी बसला. यामागचे शास्त्र सरळ आहे. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते, त्यामुळे बुडू नये म्हणून त्याला लागणारा आधार थोडाच असतो. पाच लिटर पाणी बाजूला सारणारा भोपळा जवळपास पाच किलोचा उचल देतो, आणि लहान मुलाला तेवढा पुरून उरतो. हा आधार पाठीवर असल्यामुळे मूल पालथे, आडवे राहते, हातपाय मोकळे राहतात आणि मान वर धरणे त्याचे त्यालाच शिकावे लागते. काखेत अडकवलेल्या रबरी ट्यूबने हे साधत नाही. ट्यूब मुलाला उभे धरते, पाय खाली लोंबतात आणि पोहण्याची ठेवणच बसत नाही. भोपळा की ट्यूब हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण शिकणाऱ्या मुलाचे शरीर पाण्यात कसे असावे याचा विचार जुन्या साधनात जास्त होता.

या साधनाच्या भोवती टप्पे होते. मूल आधी पायरीला किंवा कपारीला धरून पाय झाडत असे. मग कमरेला दोर येई आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात असे. मग भोपळे, दोन असतील तर काही दिवसांनी एकच. बिंडा जसजसा पाणी पिई तसतसा त्याचा आधार आपोआप उणा होई. मग आधार सोडून विहिरीची एक आडवी, मग फेरा. काठावरून पाय पोटाशी घेऊन मुटका मारणे ही भीती मोडल्याची खूण होती, सूर मारणे त्याच्या पुढचे, आणि तळ गाठून मूठभर माती वर आणून दाखवणे म्हणजे विहिरीपुरते शिक्षण पुरे झाल्याचा दाखला. नदी त्यानंतर येत असे, कारण वाहत्या पाण्यात वेगळी अक्कल लागते: धारेशी समोरासमोर झगडायचे नाही, तिरके कापत खालच्या अंगाला काठ गाठायचा, भोवऱ्याची जागा आधी विचारून घ्यायची. आजच्या शिबिरातल्या वर्गवारीशी हा क्रम ताडून पाहिला तर श्वासाची शिस्त आणि हातांच्या शैली सोडल्या तर फारसे काही नवे सापडत नाही.

इथे एक आक्षेप येणारच. जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या आठवणींत भोपळा नसतो. मामाने किंवा थोरल्या भावाने काठावरून ढकलले आणि जीव वाचवताना पोहणे आले, एवढेच असते. ढकलणे होत असे हे खरे आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. काही मुलांच्या मनात त्यामुळे पाण्याची धास्ती कायमची बसली. पण ढकलणे ही रीत होती असे मानले तर भोपळा, बिंडा, दोर आणि डबा या साधनांचा अर्थच लागत नाही. मुलाला नुसते फेकायचेच असते तर भोपळा जून होण्याची वाट पाहण्याची आणि डबा झाळून घेण्याची यातायात कोणी केली नसती. ढकलण्याची आठवण जास्त टिकते, कारण ती एका क्षणाची आणि भयाची असते. पंधरा दिवस पाठीला बांधलेल्या डब्याची कोणी गोष्ट सांगत नाही. शिवाय ही रीत लिहून ठेवणारे कोणी नव्हते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये जलक्रीडेला जागा आहे. पण कुणब्याच्या पोराला विहिरीत कसे उतरवावे याचे पुस्तक कोणी लिहिले नाही.

युरोपात ते लिहिले गेले आणि खरा फरक तिथून सुरू झाला. जर्मनीत गुट्समुट्स या शिक्षकाने 1798 साली पोहण्याच्या कलेचे छोटे पाठ्यपुस्तक काढले आणि हालचाली आधी जमिनीवर घटवून मग पाण्यात उतरण्याचा क्रम मांडला. 1817 साली प्रशियाचा सेनाधिकारी एर्न्स्ट फॉन फ्यूल याने बर्लिनमध्ये सैनिकांसाठी पोहण्याची शाळा काढली. तिथे शिकणाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधून तो दोरीने काठीला अडकवत. जमू लागले की दोर सैल सोडत आणि शेवटी काढून घेत. सातारा-सांगलीकडच्या विहिरीवरचा दोर आणि बर्लिनच्या नदीवरचा दोर एकच काम करत होते. मग फरक कुठे पडला? बर्लिनमध्ये तो दोर एका संस्थेच्या हातात गेला. त्याला नियम, पगारी शिक्षक आणि परीक्षा मिळाली आणि सैन्यातून पुढे तो शाळांपर्यंत पोहोचला. आपल्याकडे तो मामाच्याच हातात राहिला. ज्याला मामा होता आणि मामाच्या मळ्यात विहीर होती, त्याला पोहणे मिळाले.

हा मुद्दा पुढे नेला की जातीचा प्रश्न टाळता येत नाही. विहीर खाजगी मालकीची होती. तिच्यात कोणी उतरायचे हे मालक ठरवी. गावाची विहीर सार्वजनिक म्हणवली जाई, पण दलितांना तिच्या काठाला शिवायचीही मुभा नव्हती. नदीवरही पाणवठे वाटलेले असत आणि दलितांच्या वाट्याला धारेच्या खालच्या अंगाची जागा येई. सीताराम केशव बोले या सुधारकाचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर केला आणि सरकारी खर्चाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे ठरले. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण ते कागदावर राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतरचा खटला मुंबई उच्च न्यायालयात 1937 साली अस्पृश्यांच्या बाजूने संपला. यावर कोणी म्हणेल की हा लढा पिण्याच्या पाण्याचा आणि माणुसकीचा होता, त्यात पोहणे कशाला आणायचे. लढ्याचा हेतू पोहण्याचा नव्हता, हे मान्यच आहे. पण ज्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या पाण्यात मूल उतरवून पाय झाडायला शिकवणे किती दूरची गोष्ट होती, हे त्यातून कळते. पोहण्याच्या शिक्षणाची पहिली अट पाण्याला स्पर्श ही आहे, आणि ती अटच लाखो मुलांसाठी बंद होती.

मुलींची अडचण निराळी होती. पाण्याशी त्यांचा संबंध मुलांपेक्षा जास्त होता. घागरी भरणे, धुणी धुणे, घाटावर रोज जाणे हे त्यांचेच काम होते. म्हणजे रोज पाण्याच्या काठावर उभी राहणारी व्यक्ती हीच पोहणे न शिकवली गेलेली व्यक्ती होती. लहानपणी भावांबरोबर विहिरीत उतरलेल्या मुलीही वयात येऊ लागल्या की काठावर बसवल्या जात. कोळीवाड्यांत आणि खाडीकाठी हे बंधन काहीसे सैल होते, पण घाटावर आणि देशावर ते घट्ट होते. स्वतंत्र भारताच्या वतीने 1952 सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्या जलतरणपटू मुली उतरल्या, त्यांत मुंबईची डॉली नाझीर होती आणि कलकत्त्याची आरती साहा होती. दोघीही मोठ्या शहरांतल्या, जिथे मुलींना पोहण्यासाठी जागा आणि संस्था होत्या. गुण गावोगावच्या मुलींत नव्हता असे कोण म्हणेल? त्यांना उतरायला पाणी नव्हते.

तलाव आले तेव्हा ही कुंपणे मोडायला हवी होती. काही मोडली, काही नव्या रूपात उभी राहिली. मुंबईत एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला ब्रीच कँडीचा तलाव युरोपीयांसाठी राखीव होता आणि ही बंदी स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालली. चौपाटीलगतच्या मफतलाल तलावाच्या पूर्ण नावात ‘हिंदू’ हा शब्द आहे. धर्मावर आणि जमातीवर जिमखाने उभारण्याच्या त्या काळातल्या मुंबईची ती खूण आहे. पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि त्याच्या तलावाला टिळकांचे नाव लाभले. ते नाव शोभणारे होते, कारण डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष टिळकांनी तालीम आणि पोहणे यांत घालवून प्रकृती कमावली होती. पण जिमखाना म्हटला की सभासदत्व आले. सर्वांसाठी दार उघडण्याचे काम महापालिकांच्या तलावांनी केले. दादरला शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावासारख्या ठिकाणी गिरणगावातले आणि चाळींतले मूल तिकीट काढून पाण्यात उतरू शकले. या सार्वजनिक तलावांचे महत्त्व आपल्या सामाजिक इतिहासात अजून नीट नोंदवले गेलेले नाही. अनोळखी जातीधर्मांची मुले एकाच पाण्यात, एकाच शिट्टीवर पाय मारताना दिसली ती इथे.

तलावांनी आणखी एक मोठी गोष्ट केली आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. जुन्या रीतीत शिकवणे टप्प्यांचे होते, पण सुरक्षितता नशिबावर होती. विहिरीचे पाणी हिरवे, तळ दिसत नसे, बुडालेल्याला वर काढून श्वास कसा द्यायचा हे काठावरच्या कोणाला ठाऊक नसे. पाठीचा भोपळा निसटला तर दुसरा उपाय नव्हता. जुन्या विहिरींचे गोडवे गाणाऱ्यांनी गावोगावच्या विहिरींत गेलेली मुलेही आठवावीत. स्वच्छ, आरपार दिसणारे पाणी, भिंतीवर लिहिलेली खोली, उंचावर बसलेला जीवरक्षक आणि वयापेक्षा तयारी पाहून मुलाला पुढे नेणारा प्रशिक्षक ही खरी सुधारणा होती. तलावामुळेच पोहणे वेगवेगळ्या शरीरांच्या माणसांपर्यंतही पोहोचले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, नंतर पोहण्याकडे वळले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जागतिक विक्रमासह जिंकून आले. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि 2010च्या आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. तलाव नसता तर हे झाले नसते.

पण ज्या पन्नास-साठ वर्षांत शहरांत तलाव वाढले, त्याच काळात गावातले जुने पाणी हातचे गेले. मोटा गेल्या, पंप आले. 1972च्या दुष्काळानंतर बोअरवेल वाढल्या, भूजल खाली गेले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे शिकण्याच्या ऐन हंगामात, विहिरी कोरड्या पडू लागल्या. मुठा, पंचगंगा यांसारख्या नद्यांत सांडपाणी इतके आले की मुलाला त्यात उतरवावेसे कोणाला वाटेना. मामा शहरात नोकरीला गेला. आणि रिकाम्या जागी एक नवे पाणी आले: शेततळे. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली आणि दुष्काळी भागाला त्याचा मोठा आधार मिळाला. पण प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही. जुन्या विहिरीला पायऱ्या होत्या, कपारी होत्या, मोटेचा नाडा होता. या तळ्यात धरायला काही नसते, आणि पोहता न येणारे मूल तर राहोच, त्याला काढायला उतरलेला मोठा माणूसही घसरतो. शेततळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. देशात बुडून मरणाऱ्यांचा सरकारी आकडा वर्षाला तीस हजारांच्या वर आहे. पाण्याचे रूप बदलले, धोका वाढला, आणि नेमक्या त्याच वेळी शिकवणारी व्यवस्था नाहीशी झाली. शहरातल्या तलावावरची बॅच या मुलांच्या काहीच कामाची नाही.

या मुलांना शाळेतूनच पोहायला शिकवावे असे म्हटले की तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की पोहता येऊ लागले की मुले धीट होतात आणि जास्त बुडतात. त्यापेक्षा पाण्यापासून दूर ठेवणे बरे. याचे उत्तर बांगलादेशाने दिले आहे. तिथे ‘स्विमसेफ’ या कार्यक्रमात गावच्या तळ्यात बांबूचा मचाण बांधून, गावातल्याच तरुणांना प्रशिक्षण देऊन, 21 टप्प्यांत मुलांना पोहायला शिकवले गेले. 25 मीटर पोहणे आणि 30 सेकंद तरंगत राहणे हे त्याचे अखेरचे माप. शिकलेल्या मुलांत बुडण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा फार कमी आढळले. दुसरा आक्षेप पैशाचा: प्रत्येक शाळेला तलाव कुठून आणायचा? तोच अनुभव सांगतो की फरशीचा तलाव लागत नाही. सुरक्षित केलेला पाण्याचा तुकडा आणि शिकलेला शिक्षक पुरतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जिथे प्यायला टँकर येतो, तिथे पोहण्याचे पाणी मागणे शोभते का? पण पोहण्याने पाणी खर्च होत नाही. पाझर तलावात, गावतळ्यात पाणी असते तेवढे दोन-तीन महिने शिकवायला पुरेत, आणि दुष्काळी तालुक्यांतच शेततळी जास्त असल्याने तिथल्या मुलांना ही गरजही जास्त आहे.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाने 25 मीटर पोहावे अशी अपेक्षा लिहिलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातली सावधगिरी शिकवण्याची शिफारस करते. आपल्याला यासाठी पद्धत आयात करावी लागणार नाही. दोर, आधार, आधार कमी करणे, आधार काढणे, तळ गाठणे हा क्रम आपल्या मातीतला आहे. तलावांनी त्याला सुरक्षिततेची जोड दिली आहे. राहिले आहे ते एकच काम, आणि ते शतकभर रखडले आहे: हे शिक्षण नात्यागोत्याच्या, जातीच्या आणि फीच्या हातून काढून शाळेच्या हातात देणे. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेने पाचवी संपण्याआधी प्रत्येक मुलाला आणि मुलीला पाण्यावर तरंगायला, 25 मीटर काठ गाठायला आणि बुडणाऱ्याला उडी न घेता दोर किंवा काठी टाकायला शिकवावे. ग्रामपंचायतीने शेततळ्याला कुंपण, दोर आणि तरंगता आधार असल्याशिवाय ते पूर्ण झाल्याचे मानू नये. तळ्याला हात लावण्याचा हक्क महाडला मिळवला गेला. त्या तळ्यात न बुडण्याचे शिक्षण मुलांना देणे हे आता आपल्यावरचे देणे आहे.